पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

रत्नागिरीकडच्या हापूसच्या बागांत हंगामाला दोन तऱ्हेचे पुरुष कामावर असतात. एक जवळच्या वाडीतला गडी. फवारणीचा पाइप ओढणारा, कलमावर चढून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवणारा, पेटी भरणारा. दुसरा नेपाळी राखणदार, ज्याला सगळा गाव 'गुरखा' म्हणतो. दिवाळीच्या आसपास तो येतो, बागेतल्या खोपटात राहतो आणि पावसाच्या तोंडावर गावी परततो. गडी संध्याकाळी घरी निघाला की राखणदाराचं खरं काम सुरू होतं. त्यामुळे एकाच कलमांखाली महिनोन् महिने काढूनही या दोघांची गाठ पडते ती सकाळी आणि तिन्हीसांजेला, तीही मोडक्या हिंदीतून. तरी काही बागांमध्ये अशी जोडी जमलेली दिसते. एकाच्या डब्यातलं कालवण दुसऱ्याच्या ताटात जातं आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

मला या जोडीवर लघुपट करायचा होता. आमच्या भागात एकांकिका करणारी पुष्कळ मुलं आता कॅमेऱ्याकडे वळली आहेत. ती भेटली की कॅमेरा कोणता घेतला, खर्च किती आला, एवढंच विचारतात. गोष्ट कुठून आली आणि माणसं कशी सापडली, हे त्यांना सांगावं म्हणून लिहिते आहे.

पटकथा लिहिण्याआधी मी पावस-गणेशगुळ्याच्या बाजूच्या बागांमध्ये जाऊन बसू लागले. मोहोराचे दिवस होते, तुडतुड्यावरची फवारणी चालू होती. राखणदारांशी बोलताना एक गोष्ट लवकर कळली. घरची आठवण येते का, असं विचारलं की माणूस हसतो आणि गप्प होतो. वानरं कुठल्या बाजूने येतात, असं विचारलं की तोच माणूस उठून उभा राहतो, गडग्याची, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाची, पडलेली चिरेबंदी दाखवतो, वानर आणि माकड यांच्या येण्यात फरक काय ते सांगतो, बेचकीचा दगड केवढा हवा ते हातावर घेऊन दाखवतो. एकाने मला रात्रीचे आवाज समजावून दिले. सुक्या पानांवर कुत्रा कसा चालतो, माणूस कसा चालतो, आणि आपली चाहूल लागू नये म्हणून जपून टाकलेलं पाऊल कसं वाजतं. हे सांगताना त्याच्या बोलण्यात जो रुबाब होता, तो मला माझ्या सिनेमात हवा होता. परदेशात राबणाऱ्या गरिबाची कणव पडद्यावर पुष्कळदा येते. कामात तरबेज असलेल्या माणसाचा मान क्वचित येतो.

परदेश म्हटलं खरं, पण 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. मला भेटलेले बहुतेक जण सुदूरपश्चिम नेपाळातले होते. बस, रेल्वे, पुन्हा रेल्वे असं करत कोकणात उतरतात. काहींचे वडीलही याच पट्ट्यात राखणीला होते.

यांच्यातल्याच एकाच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या मोबाइलच्या पुढे चाललेलं दिसलं. बरोब्बर पंधरा मिनिटं. घड्याळ पुढे गेलंय, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "सही है दिदी. घर का टाइम है." नेपाळची वेळ आपल्यापेक्षा 15 मिनिटांनी पुढे आहे हे मला शाळेपासून माहीत होतं. पण कुणी ती वेळ मनगटावर बांधून कोकणातल्या कातळावर रात्रभर फिरत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. मोबाइल इथली वेळ दाखवतो, घड्याळ तिथली. घरची माणसं जेवायला कधी बसली असतील, मुलं शाळेला कधी निघाली असतील, हे तो घड्याळावर बघतो. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा कागद पुढे ओढला.

गोष्ट अशी ठरली. काढणीच्या दिवसांत एका रात्री बागेतल्या मांगरातून, म्हणजे माल ठेवायच्या कोठारातून, भरलेल्या पेट्या चोरीला जातात. त्या रात्री राखणदार बागेत नव्हता. गड्याच्या म्हाताऱ्या बापाला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून रस्त्यापर्यंत त्याला उचलून न्यायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून राखणदार गेला. संशय राखणदारावर येतो, आणि तो कुठे होता हे फक्त गड्याला माहीत असतं.

ज्यांच्या बागेत आम्ही चित्रीकरण करणार होतो, त्या बागायतदारांना ही गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, "चोरी झाली तर मी आधी गुरख्याकडे बघणार नाही. तो पेट्या विकणार कुठे? त्याला इथे ओळखतं कोण? मी आधी गड्याकडे बघेन. वाट त्याला माहीत, गाडीवाला त्याच्या ओळखीचा, माल घेणाराही त्याच्या ओळखीचा." या वाक्यांनी गोष्टीचा कणाच बदलला. आता संशय गड्यावर. तो निर्दोष ठरायचा तर त्या रात्री आपण दवाखान्यात होतो हे त्याला सांगावं लागणार. ते सांगितलं की सोबत कोण होतं हेही निघणार, आणि बाग सोडून गेला म्हणून राखणदाराचा हंगामाअखेरचा हिशेब अडकणार. राखणदाराने तोंड उघडलं तर स्वतःचाच पगार जातो, नाही उघडलं तर गडी चोर ठरतो. दोघांच्याही हातात दुसऱ्याचं नुकसान. बागायतदारही खलनायक राहिला नाही. त्याचं कर्ज आहे, औषधांचा खर्च आहे, वाशीच्या बाजारात भाव पडला तर त्याला विचारणारं कुणी नाही. पेट्या गेल्या हे त्याचं दुःख खरंच आहे.

शेवट कसा करायचा यावर आमच्या चौकडीत बरेच दिवस वाद चालला. संकलन करणाऱ्या मित्राचं म्हणणं होतं की राखणदार शेवटी मेला पाहिजे. रात्री पेट्या शोधायला फिरताना फुरसं चावतं, असं त्याने सुचवलं. कोकणात ते अशक्य नाही. पण मी ठाम नाही म्हटलं. कामगारांच्या मैत्रीवरचे सिनेमे आठवून पाहा. मार्टिन रिटचा 1957 चा 'एज ऑफ द सिटी' घ्या. न्यूयॉर्कमधल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करणारे दोघे, एक गोरा आणि एक काळा, यांची अतिशय जिवंत मैत्री त्यात आहे. जॉन कॅसावेटीस आणि सिडनी पॉइटिए नुसते एकमेकांशी बोलत असले तरी बघत राहावंसं वाटतं. त्यात काळा मित्र माल ओढायच्या आकड्यांच्या मारामारीत मरतो आणि त्याच्या मरणाने गोऱ्या मित्राला धैर्य येतं. आपल्याकडे 1973 च्या 'नमक हराम'मध्येही कामगारांच्या बाजूला गेलेल्या मित्राच्या मरणानंतरच दुसऱ्याचे डोळे पूर्ण उघडतात. दोन्ही सिनेमे मला फार प्रिय आहेत. तरी एक प्रश्न सुटत नाही. मैत्री खरी होती हे पटायला एकाने मरायलाच का हवं? आणि मरणारा बहुतेक वेळा ज्याचं वजन समाजात कमी, तोच का असतो? आमचा राखणदार जिवंत राहील, हिशेब घेईल आणि गाडीत बसेल, असं मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

गड्याच्या भूमिकेसाठी नट मिळाला तो आमच्या एकांकिकांतलाच. लहानपणी काकांच्या बागेत राबलेला. राखणदारासाठी मात्र मला नट नको होता. घड्याळवाल्यालाच विचारलं. तो लगेच नाही म्हणाला. कारण लाजाळूपणाचं नव्हतं. "रात को शूटिंग करूंगा तो बाग कौन देखेगा?" हा त्याचा सवाल होता. त्यावर तोडगा काढावा लागला. ज्या रात्री चित्रीकरण असेल, त्या रात्री आमच्यातले दोघे बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन बागेच्या दुसऱ्या अंगाला राखण करतील. बागायतदार कबूल झाले, मग तो कबूल झाला. दोघांनाही रोजचं मानधन कामाआधी ठरवलं आणि रोजच्या रोज हातात दिलं. नंतर बघू असं म्हणून राबणाऱ्या माणसाकडून काम करून घेऊ नये, असं मला वाटतं. आणि सिनेमा अन्यायावर असेल तर अजिबातच नको.

तालमी आम्ही संवादांच्या घेतल्याच नाहीत. पेट्या भरायच्या घेतल्या. हे ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते.

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की उतरवतात, आणि तो चौदा आणे झाला हे खांद्याच्या फुगीरपणावरून, रंगाच्या उतारावरून ओळखायचं असतं. देठ ठेवूनच काढायचा, नाहीतर चीक उडतो, फळावर डाग पडतो आणि कातडीवर पडला तर भाजतं. मग मांगरात ढीग घालून प्रतवारी. पेटी तीच, पण फळ मोठं असेल तर चार-पाच डझन बसतात, लहान असेल तर सहा-सात. तळाला भाताचा पेंढा, त्यावर थर, पुन्हा पेंढा. एकाने निवडून द्यायचं, दुसऱ्याने लावायचं. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात यांची गती जुळली नाही तर फळ हातातून सुटतं.

पहिल्या दिवशी दोघांची गती अजिबात जुळेना. आमचा नट भूमिकेत होता, प्रत्येक फळ देताना चेहऱ्यावर काहीतरी आणत होता. राखणदार नुसता काम करत होता. मी काही सूचना दिल्या नाहीत, फक्त ढीग संपेपर्यंत उठायचं नाही एवढं सांगितलं. दुपारपर्यंत नटाच्या पाठीला रग लागली आणि चेहरा आपोआप रिकामा झाला. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला असं व्हायला लागलं की फळ घेणारा वर बघतच नव्हता, हात पुढे करायचा आणि फळ तिथे असायचं. एक आंबा थोडा दबलेला निघाला. राखणदाराने तो न बोलता बाजूला ठेवला, दुपारी कापला आणि बाठा स्वतःकडे ठेवून दोन्ही फाका नटापुढे सरकवल्या. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. सिनेमात ते जसंच्या तसं आहे, आणि ज्या पानांवर मी दोघांच्या तोंडी सुखदुःखाच्या गप्पा लिहिल्या होत्या ती सगळी पानं त्या दुपारी गळली. दोन राबणाऱ्या माणसांमध्ये जवळीक वाढते ती एकाचं काम दुसऱ्याच्या हाताला कळायला लागतं तेव्हा. कॅमेऱ्याने तिथे थांबून राहायचं असतं.

नावाचाही प्रश्न निघाला. गडी आधी 'गुरख्या' म्हणतो आणि शेवटी त्याला नावाने हाक मारतो, असं मी योजलं होतं. राखणदाराने मान हलवली. इथे मला कुणीच नावाने बोलवत नाही, ज्याच्याशी माझं जमतं तोही गुरखाच म्हणतो, पण तो म्हणतो ते वेगळं असतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून सिनेमाच्या पहिल्या दृश्यात "ए गुरख्या" आहे आणि शेवटच्या दृश्यातही "काय रे गुरख्या, जेवलास काय?" आहे. आमच्या नटाने फक्त आवाजावर ते पेललं. त्याच्या अभिनयातलं मला सर्वांत आवडलेलं तेच.

चित्रीकरण काढणीच्या ऐन दिवसांत केलं, कारण खरी काढणी दाखवायची तर दुसरा मुहूर्तच नाही. बागेचं काम आमच्यासाठी थांबणार नव्हतं आणि थांबावं असं आम्हालाही वाटत नव्हतं. सकाळची उतरणी, मांगरातली गडबड, टेम्पो भरणं, हे सगळं खऱ्या कामगारांच्या मधे राहून टिपलं. नेपाळी नवं वर्ष वैशाखाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, या धांदलीतच येतं. त्या दिवशी आम्ही कॅमेरा बाहेर काढला नाही. आजूबाजूच्या बागांतले सगळे राखणदार एका खोपटाशी जमले, मटण शिजलं, आम्हालाही पान होतं.

रात्रीच्या दृश्यांना प्रकाश मुख्यतः बॅटरीचाच ठेवला. राखणदाराच्या हातातली बॅटरी जिकडे वळेल तेवढंच दिसावं. तांत्रिक अडचण उजेडापेक्षा आवाजाची जास्त होती. रातकिडे, पानांची सळसळ आणि वारा फिरला की समुद्राची गाज. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मैत्रिणीने प्रत्येक जागचे निर्मनुष्य आवाज वेगळे घेऊन ठेवले, ते पुढे फार उपयोगी पडले. हे काम कुणीही टाळू नये.

जाबाच्या दृश्याबद्दल सांगायलाच हवं. बागायतदार दोघांना मांगरापुढे उभं करतो. मी राखणदारासाठी एकच वाक्य लिहिलं होतं, "मैं चोर नहीं हूँ." तालमीत त्याने ते म्हटलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "दिदी, मैं ये नहीं बोलूंगा. मैं राखणदार हूँ. पहले पूछूंगा, कितना पेटी गया." त्याच्या दृष्टीने ते सरळ होतं. बाग त्याची जबाबदारी, तेव्हा आधी नुकसान किती ते विचारायचं, कुठल्या बाजूचा गडगा पडला ते विचारायचं. आपल्यावर आळ आलाय हा भाग नंतरचा. हे वाक्य मला खुर्चीत बसून दहा वर्षं सुचलं नसतं. दृश्यात तो खाली मान घालून उभा राहत नाही. विचारतो, "साब, कितना पेटी?" आणि बागायतदाराची भूमिका करणारा ज्येष्ठ नट क्षणभर उत्तर विसरला. ते विसरणं आम्ही ठेवलं आहे.

मग वेळेचा प्रश्न येतो. दवाखान्यात निघालात किती वाजता? गडी म्हणतो सव्वाअकरा. राखणदार म्हणतो साडेअकरा. दोघांना वेगळं विचारलेलं असतं. बागायतदार म्हणतो, बघा, तुमचं जुळत नाही, म्हणजे रचलेलं आहे. त्यावर गडी पुढे होतो, राखणदाराचं मनगट धरतो आणि घड्याळ मालकापुढे करतो. एवढंच. ते घड्याळ कुठल्या गावची वेळ दाखवतं हे बागेत फक्त एकाच माणसाला ठाऊक असतं. या दृश्यात संगीत नाही, चेहऱ्यांचे जवळचे शॉट नाहीत. मनगट धरलेला हात तेवढा मोठा दिसतो.

संकलन भराभर केलं, कारण एक गोष्ट मनाशी पक्की होती. राखणदार गावी जाण्याआधी त्यांनी हा सिनेमा बघायला हवा. रंगकाम, आवाजाची शेवटची मिसळ हे सगळं राहिलेलं असतानाच कच्चा सिनेमा त्याच मांगराच्या भिंतीवर चादर बांधून दाखवला. तो बायकोशी फोनवर नेपाळीत बोलतो त्या दृश्याला आम्ही मराठी ओळी दिलेल्या नाहीत. गड्याला ते बोलणं कळत नाही, तर प्रेक्षकालाही कळू नये, असा विचार. त्या रात्री मात्र उलटं झालं. नेपाळी मंडळींना सगळं कळलं, ती हसली, आणि आम्ही मराठी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

बागायतदारांची तक्रार आलीच. सिनेमातला मालक राखणदाराचे त्या रात्रीचे पैसे कापतो, ते त्यांना रुचलं नाही. "मी कापले नसते," असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही कापले नसते हे मला मान्य आहे, पण कापणारे आहेत हे तुम्हालाही माहीत आहे. ते गप्प बसले, आणि दृश्य तसंच राहिलं. पुढे त्यांनीच दुसऱ्या दोन बागायतदारांना सिनेमा बघायला बोलावलं.

खरी हरकत घेतली ती राखणदाराच्या बायकोने. हो, या हंगामात ती इथेच होती. पुष्कळ राखणदार आता कुटुंबासह येतात, बायका गळालेला आंबा वेचतात, पेंढा भरतात, गवत काढतात. तिचं म्हणणं थेट होतं. सिनेमात नवरा रात्री बाग सोडून जातो, तर मागे बाग मोकळी कशी? प्रत्यक्षात तो गेला असता तर बॅटरी घेऊन मी फिरले असते. मग चोरी झालीच नसती.

गोष्टीत बायको नेपाळात आहे, म्हणून घड्याळ आहे, म्हणून शेवट आहे. तिचं ऐकायचं तर सगळीच मांडणी पुन्हा. मी तिला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग ती तिकडे काय करते ते दाखवलं का? ते दाखवलेलं नव्हतं. फोनवरचा आवाजही तिचाच होता, पण आवाजच.

सिनेमा सध्या आहे तसा पूर्ण करून गावागावांत दाखवतो आहोत. बागायतदारांच्या बैठकीत, वाचनालयात, एकदा मासळी सुकवायच्या खळ्यावर. तिच्या बोलण्यातून निघालेला दुसरा सिनेमा मी लिहायला घेतला आहे. त्यात दोन बायका आहेत, एक पेंढा भरणारी वाडीतली आणि एक बॅटरी घेऊन फिरणारी. दसरा-दिवाळी करून ही मंडळी परत आली की तालमी सुरू करायच्या आहेत. बागायतदारांकडे मांगर आधीच मागून ठेवला आहे, आणि वाडीतल्या बाईच्या भूमिकेसाठी खरंच पेट्या भरणाऱ्या दोघींशी बोलणं झालं आहे. त्यातली एक म्हणाली, रोज किती ते आधी सांग. ते मी सांगितलं आहे.